लांबच्या सायकल प्रवासाला कोणती औजारे घ्यावीत?

कापडाच्या व्यापाऱ्याने सायकलच्या औजारांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमचा धंदा दुकानाच्या गादीवर सुरू झालेला नाही, तो सायकलच्या कॅरिअरवर सुरू झाला. सडक अर्जुनी, कोहमारा, सौंदड, नवेगावबांध, गोरेगाव या पट्ट्यात आम्ही आठ वर्षे सायकलवर गठ्ठा बांधून कापड विकले. त्या वेळी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आमचे दुकान लागले होते. आता सायकलवर कापडाची फेरी करणारा माणूस आमच्या भागात क्वचितच दिसतो. लांबच्या पल्ल्याची सायकल मात्र पुन्हा रस्त्यावर आली आहे. डॉक्टर, मास्तर, बँकेत काम करणारे तरुण आता हौसेने शंभर-दोनशे किलोमीटर सायकल चालवतात. त्यांना काय विकावे, याचा विचार सायकल दुकानदारांनीही करायला हवा. म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा आणि त्याचे तीन मित्र सडक अर्जुनीहून नागपूरला सायकलने जायला निघाले. अंतर सुमारे १२० किलोमीटर. आदल्या रात्री दुकान वाढवायच्या वेळी भाचा आला. म्हणाला, "मामू, तुम्ही इतकी वर्षे सायकल चालवली आहे, आमचे सामान जरा बघून घ्या." त्याने खिशातून एक चकचकीत घडीचे औजार काढले. त्यात सात-आठ ॲलन की, दोन पेचकस, चेन तोडायचा पेच, असे बरेच काही होते. "यात सगळे आहे," असे तो म्हणाला. आम्ही त्याला एवढेच सांगितले, "बेटा, मागचे चाक काढून दाखव."

त्याच्या सायकलच्या चाकांना नट होते. घडीच्या औजारात ॲलन की होत्या, पण नट फिरवायला पाना नव्हता. म्हणजे जवळ शेकडो रुपयांचे औजार होते, पॅच होते, नवी ट्यूब होती, आणि पंक्चर झाल्यावर चाक काढण्याची सोय नव्हती. आम्ही त्याला हसलो नाही. त्याच्या वयाचे असताना आम्ही यापेक्षा मोठी चूक केली होती, आणि तिची किंमत घरच्यांनी भरली होती.

एका कॉटर पिनेची किंमत

१९९१ सालची दिवाळी जवळ आली होती. हलक्या धानाची कापणी होऊन शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले होते. वर्षातून दोनदाच असा हंगाम येतो की खेड्यातला माणूस कापडाचा भाव न करता कापड घेतो. आम्ही गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्याकडून लुगडी, धोतरे आणि शर्टिंगची थाने दिवाळीच्या वायद्याने उचलली. दिवाळीपूर्वीचा शेवटचा मोठा आठवडी बाजार नवेगावबांधच्या बाजूला होता. तिथे निम्मा माल निघाला असता.

औजारांच्या बाबतीत आम्ही निष्काळजी होतो असे नाही, उलट आम्हाला औजारांचा शौक होता. हँडलला एक जाड पिशवी टांगलेली असे. तिच्यात पान्यांचा पूर्ण संच, पक्कड, हातोडी, फ्रीव्हील काढायचे औजार, कप, कोन आणि डबीभर छर्रे. सगळे मिळून तीन-चार किलो वजन. फ्रीव्हीलचे औजार कसे लावायचे हे आम्हाला येतही नव्हते. कॅरिअरवर पन्नास-पंचावन्न किलोचा गठ्ठा होता आणि हँडलला हे ओझे.

जंगलातल्या रस्त्यावर डाव्या पायाखाली टक-टक असा आवाज येऊ लागला. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलींना क्रँक आणि एक्सल यांना जोडणारी एक पाचरीसारखी लोखंडी पिन असते, तिला कॉटर म्हणतात. ती ढिली झाली होती. आम्ही नट आवळला आणि पुढे निघालो. ही पहिली चूक. कॉटरचा नट पिनेला फक्त धरून ठेवतो, आत बसवत नाही. पिन हातोडीने ठोकून आत बसवावी लागते, मग नट आवळायचा, आणि पाच-सात किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाहायचे. पिन ढिली असताना पायडल मारत राहिले की तिची सपाट बाजू झिजत जाते आणि क्रँकचे भोकही खराब होते. आमच्या कॉटरची तशीच गत झाली. आठ-दहा किलोमीटरनंतर क्रँक एक्सलवर गरगर फिरू लागला. पिशवी उपडी केली. सगळे होते, पण दोन-चार रुपयांची कॉटर पिन नव्हती.

खिळा ठोकून पाहिला, पत्र्याची पट्टी घालून पाहिली. थोडे अंतर गेलो की निघून पडे. शेवटी गठ्ठ्यासह सायकल ढकलत निघालो. बाजारात पोहोचलो तेव्हा लोक पाल उतरवत होते. त्या दिवशी तीन नग विकले गेले. दिवाळी झाल्यावर लुगड्यांना कोण विचारतो? ठोक व्यापाऱ्याचा वायदा पाळण्यासाठी अम्मीचे चांदीचे कडे मोडावे लागले. अम्मी काही बोलल्या नाहीत. वालिदसाहेबांनी मात्र दुसऱ्या दिवशी सगळी पिशवी तराजूत टाकली आणि वजन आम्हाला वाचायला लावले.

त्याच आठवड्यात एक वयस्कर फेरीवाले चाचा घरी आले. ते बांगड्यांची फेरी करीत. बांगड्यांची फेरी म्हणजे वाटेत सायकल आडवी झाली तरी माल गेला. त्यांनी आमची सगळी औजारे अंगणात एका चादरीवर मांडली आणि एकेक उचलून विचारू लागले, "हे शेवटचे कधी वापरले? हे वापरता येते का? हे कोहमाऱ्याच्या दुकानात मिळते का?" तासाभरात चादरीवर दोन ढीग झाले. मोठा ढीग घरी ठेवायचा होता. मग त्यांनी स्वतःच्या सीटखालची पिशवी उघडून दाखवली. तळहाताएवढी पिशवी. तिच्यात कॉटर होती, आणि नट वाटेत कुठे पडू नये म्हणून तो कॉटरवरच फिरवून ठेवला होता.

आज तीस वर्षांनंतरही आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू बिघडली तर सायकल जागेवर थांबते का? वाटेत ती मिळते का? आणि ती बसवणे आपल्या हाताला येते का? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही आणि तिसऱ्याचे होय असेल, तर ती पिशवीत जावी. मडगार्ड वाजतो, घंटी बंद पडते, स्टँड लटकतो, याने सायकल थांबत नाही. बाजाराला माल नेताना व्यापारी हाच विचार करतो. दुकानात आहे म्हणून कोणी सगळी थाने गठ्ठ्यात बांधत नाही.

यादीच्या आधी सायकल पाहावी

बाजारात तयार संच मिळतात आणि ते दिसायला सुरेख असतात. पण संच बनवणाऱ्याने आपली सायकल पाहिलेली नसते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सायकल उलटी करून तिच्याजवळ तासभर बसावे. प्रत्येक नट आणि बोल्टला औजार लावून पाहावे. पुढचे चाक, मागचे चाक, सीट, हँडल, ब्रेक, कॅरिअर, पायडल. कशाला कोणत्या मापाचे औजार लागते ते कागदावर लिहावे. नव्या सायकलींना बहुतेक ठिकाणी ४, ५ आणि ६ मिलिमीटरची ॲलन की पुरते. चाकाला नट असतील तर बरेचदा १५ चा पाना लागतो, पण माप डोळ्यांनी ठरवू नये, पाना लावूनच ठरवावे. एक माप मोठा पाना नटाचे कोपरे खातो आणि मग कोणताच पाना चालत नाही. चहूबाजूंनी फिरणाऱ्या स्क्रूच्या पान्याबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. तो हलकासा असेल तर सरकतो आणि चांगला असेल तर जड असतो.

येथे शब्दांचीही एक गंमत आहे. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही पेचकस म्हणतो, मराठी शाळेतला मित्र स्क्रू ड्रायव्हर म्हणतो, आणि मिस्त्री दोघांनाही न जुमानता "डायवर द्या" म्हणतो. औजाराचे नाव येत नसले तरी चालेल, पण त्याचे माप पाठ असावे.

दुसरी गोष्ट टायरच्या मापाची. ही चूक शहाणी माणसेही करतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर २८ गुणिले दीड इंचाचा, म्हणजे त्याच्या कडेवर ४०-६३५ असा आकडा असतो. नव्या हायब्रिड सायकलीचा टायर ७०० सी म्हणून विकला जातो, त्याचा आकडा ६२२. पण काही ७०० सी टायरांवरही २८ इंच असे छापलेले असते. दोन्हीवर २८ पाहून दुकानदार टायर देतो आणि तो रिमवर बसत नाही, कारण दोन्हींत १३ मिलिमीटरचा फरक आहे. जुन्या धाटणीच्या २६ इंची माउंटन सायकलचा आकडा ५५९. तेव्हा इंच विसरावेत आणि हा तीन आकडी अंक लिहून ठेवावा. ट्यूब रबराची असल्याने अडचणीत जवळच्या मापाची चालून जाते, टायर मात्र चालत नाही.

यावरूनच काय वाटेत मिळेल आणि काय मिळणार नाही हे ठरते. कोहमारा, साकोली, लाखनी, भंडारा या हमरस्त्यावर पंक्चरवाले आहेत. त्यांचा मुख्य धंदा आता मोटारसायकलचा. त्यांच्याकडे सोल्युशन आहे, पॅच आहे, हवा आहे. काळ्या सायकलीची ट्यूब आणि कॉटर तालुक्याच्या गावी आजही मिळेल. ७०० सी ची ट्यूब किंवा दहा गिअरच्या सायकलीची चेन मिळेल अशी आशा धरू नये. म्हणजे सायकल जितकी महाग, तितकी पिशवी जास्त काळजीने भरायची. लोकांचा समज उलटा आहे. त्यांना वाटते, महाग सायकल बिघडत नाही.

पंक्चर

लांबच्या प्रवासात दहा वेळा सायकल थांबली तर त्यांतील आठ-नऊ वेळा कारण पंक्चरच असते. म्हणून पिशवीतली अर्धी जागा त्याच्यासाठी द्यावी. दोन टायर लिव्हर, एक चांगली ट्यूब, सहा-सात पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पंप. लिव्हरऐवजी पेचकस वापरू नये, त्याने एका भोकाची दोन भोके होतात.

रस्त्यावर पॅच लावत बसू नये. ट्यूब बदलावी, पुढे निघावे, आणि जेवायला थांबल्यावर सावलीत जुन्या ट्यूबला पॅच लावावा. आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. देवरीपासून सडक अर्जुनीपर्यंतचा हमरस्ता आणि मुरदोलीवरून जाणारा गोंदिया रस्ता जंगलातून जातो. २०१३ साली येथे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. दिवस मावळायच्या वेळी अशा रस्त्याच्या कडेला सोल्युशन सुकण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. सोल्युशन लावून पाच मिनिटे सुकू द्यावेच लागते, ओल्यावर चिकटवलेला पॅच किलोमीटरभरात सुटतो.

नवी ट्यूब घालण्यापूर्वी जुनीला भोक कशाने पडले ते शोधावे. हे न करता ट्यूब बदलली की दोन मिनिटांत दुसरी ट्यूबही बसते. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आतून टोक काढून असतो. हमरस्त्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरांतील केसासारख्या पोलादी तारा पडलेल्या असतात, त्या काट्याहून वाईट. टायरच्या आत बोट फिरवू नये. येथे आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. सुती कापडाची चिंधी आतून फिरवावी. जिथे तार किंवा काटा असेल तिथे सुताचा धागा अडकतो. टेरिकॉटची चिंधी घेऊ नये, ती वरून निसटून जाते. तार काढायला लहानसा चिमटा लागतो, भुवयांचा चालतो. एकमेकांशेजारी दोन भोके दिसली तर काटा शोधण्यात वेळ घालवू नये. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटली गेली, असे समजावे. ओझे मागच्या चाकावर असते, म्हणून मागे हवा जास्त लागते.

भोक सापडत नसेल तर धानाच्या बांधीतले पाणी आहेच. उन्हाळ्यात बांधी कोरडी असते, तेव्हा ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवावी. गालाला जी झुळूक कळते ती हाताला कळत नाही.

सोल्युशनची नळी एकदा उघडली की महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत वाळते. बाहेरून ती भरलेली वाटते. म्हणून प्रवासाला न उघडलेली नळी घ्यावी. ती काही रुपयांची वस्तू आहे, तेथे काटकसर करू नये.

आता वाल्व्ह. काळ्या सायकलीच्या वाल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, तिला आपण वालट्यूब म्हणतो. उन्हाने ती चिकट होऊन फाटते, हवा जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. वीतभर वालट्यूब खिशात ठेवावी. तिला वजनही नाही आणि किंमतही नाही. नव्या सायकलींपैकी अनेकांना बारीक प्रेस्टा वाल्व्ह असतो. त्याला गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही, पेट्रोल पंपावरची हवाही भरता येत नाही. त्यासाठी पितळेचे एक छोटे अडॅप्टर मिळते. ते वाल्व्हवरच फिरवून ठेवावे, म्हणजे हरवत नाही. प्रेस्टाच्या रिमचे भोकही बारीक असते, जाड वाल्व्हची ट्यूब त्यात जात नाही. म्हणजे अडचणीत दुसऱ्याची ट्यूब मागून घ्यायची सोयही राहत नाही.

पंपाबद्दल एकच सांगणे आहे. घरी मोठ्या पंपाने हवा भरून निघायचे आणि वाटेत लहान पंपावर विश्वास ठेवायचा, हे बरोबर नाही. लहान पंपाने एकदा घरीच रिकामे चाक पूर्ण भरून पाहावे. काही पंप इतके लहान असतात की हात भरून येतात, चाक भरत नाही. गॅसच्या नळकांडीने चाक चटकन भरते हे खरे, पण ती एकदाच चालते. काटा टायरमध्येच राहिला असेल तर हवा गेली आणि नळकांडीही गेली.

टायरच चिरला तर आतून आधार द्यावा लागतो. जुन्या टायरचा चार-पाच इंचांचा तुकडा सर्वात उत्तम. तो नसेल तर जीनच्या जाड कापडाची दुहेरी घडी. आम्ही एकदा टोपल्याच्या कापडी अस्तराचाही उपयोग केला होता. ट्यूब पूर्ण कामातून गेली असेल तर भोकाच्या जागी ट्यूबला गाठ मारून किंवा टायरमध्ये तणस भरून चार-पाच किलोमीटर गाव गाठता येते. सायकल खडखडते, पण गठ्ठा खांद्यावर घ्यावा लागत नाही.

चेन, स्पोक, ब्रेक

काळ्या सायकलीच्या चेनला एक जोडकडी असते, तिच्यावर स्प्रिंगचे लॉक बसते. तशी एक कडी लॉकसह जवळ ठेवावी. लॉक बसवताना त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवतात. उलटे बसवले तर ते उडते. गिअरच्या सायकलीला चेन तोडायचे औजार आणि हाताने जोडता येणारी कडी लागते. आठ, नऊ, दहा आणि अकरा गिअरच्या कड्या वेगवेगळ्या असतात. दुकानदाराने "चालून जाईल" म्हटले तरी घेऊ नये.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा आणि फ्रीव्हीलच्या बाजूचा, कारण सगळा भार आणि ओढ तिथेच असते. जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, पुढच्याला ३२. तो भार ओळखूनच हे केलेले आहे. परंतु त्या बाजूचा स्पोक बदलायचा तर फ्रीव्हील उतरवावे लागते आणि ते रस्त्यावर सोपे नाही. म्हणून एका दिवसाच्या प्रवासाला सुटे स्पोक नेण्यात अर्थ नाही. स्पोकचा छोटा पाना मात्र घ्यावा. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळावा, बाजूचे दोन थोडे ढिले करावेत, ब्रेक रिमला घासत असेल तर तो उघडावा आणि हळू चालवत गाव गाठावे. आठ-दहा दिवसांचा प्रवास असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा आपल्या मापाचे तीन-चार स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्यावेत.

ब्रेकची आतली तार एकच घ्यावी, मागच्या चाकाच्या लांबीची. ती पुढेही चालते. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची एक जोडी पुरे. हायड्रॉलिक ब्रेकचे तेल रस्त्यावर भरता येत नाही, त्याची तयारी घरीच करावी. चाक बाहेर असताना त्याचा लिव्हर दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि चाक आत जात नाही. दांड्यांच्या ब्रेकवाल्यांना एवढे कष्ट नाहीत, एक नट आणि एक रबर पुरते.

छर्रे, कप, कोन घरीच ठेवावेत. चाकाचा हब करकरत असेल तर निघण्यापूर्वी ओव्हरहॉलिंग करून घ्यावे. जे काम घरी करायचे राहिले, त्याची औजारे वाटेत वाहू नयेत.

कॅरिअरच्या बोल्टकडे कोणाचे लक्ष नसते. हादऱ्याने तोच आधी पडतो आणि ओझे चाकात जाते. दोन सुटे बोल्ट नटांसह, हातभर बांधायची तार आणि जुन्या ट्यूबच्या चार-सहा पट्ट्या. ट्यूबच्या पट्टीने कॅरिअर बांधता येते, मडगार्ड बांधता येतो, फाटलेली सीट आवळता येते. एवढी उपयोगी आणि एवढी फुकट वस्तू दुसरी नाही.

मोठ्या सायकलस्वारांचे काय?

तरुण मंडळी मोठमोठ्या शर्यतींचे दाखले देतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ साली एकट्याने पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. हा विदर्भाला अभिमान वाटावा असा पराक्रम आहे. पण अशा शर्यतीत मागे मदतनीसांची गाडी असते आणि औजारे गाडीत असतात. त्यांच्या सायकलला पिशवी दिसत नाही म्हणून आपणही पिशवी न घेता निघणे बरोबर नाही.

आपल्या जवळचा नमुना म्हणजे ब्रेव्हे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. वाटेत कोणाच्या गाडीने मागून मदत करायची नाही, ठरलेल्या नाक्यांवरच मदत चालते. साडेतेरा तासांत २०० म्हणजे तासाला सरासरी १५ किलोमीटरला थोडे कमी. पंक्चर काढण्यात एक तास गेला तर १५ किलोमीटर गेले. ज्याचा हात बसलेला आहे तो हेच काम पंधरा मिनिटांत करतो.

याबाबत १९१३ सालच्या तूर द फ्रान्सचा किस्सा सांगण्यासारखा आहे. यूजेन क्रिस्तोफ नावाच्या फ्रेंच सायकलपटूचा फोर्क तूरमाले घाटाच्या उतारावर मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम होता. तो दहा किलोमीटरहून अधिक अंतर सायकल घेऊन चालला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि फोर्क स्वतःच्या हाताने जोडला. एक पोरगा भाता चालवत होता, तर त्याबद्दलही पंचांनी दंडाचा वेळ लावला. शर्यत त्याच्या हातून गेली, पण त्याने ती सोडली नाही. आता कोणी फोर्क जोडायचे सामान सोबत नेणार नाही. क्रिस्तोफजवळही ते नव्हते. त्याच्याजवळ हाताची कला होती आणि वाटेत भट्टी होती.

म्हणून आम्ही भाच्याला सामानाची यादी देण्याआधी एक काम दिले. रात्री, दुकानाचे दिवे बंद करून, टॉर्चच्या उजेडात मागचे चाक काढ, ट्यूब बदल, चाक बसव. पहिल्या वेळी पन्नास मिनिटे लागली आणि चेन उलटी अडकली. दुसऱ्या वेळी पंचवीस. त्या रात्री टॉर्चही यादीत आला, तो डोक्याला बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

पिशवी

पिशवीचे काम आमच्या धंद्याचे आहे, तेव्हा ते थोडे विस्ताराने सांगतो. औजारे एकत्र कोंबू नयेत. रस्त्याच्या हादऱ्याने पाना आणि लिव्हर ट्यूबला घासत राहतात आणि न वापरलेल्या ट्यूबला भोके पडतात. हे लोकांना खरे वाटत नाही. आम्ही स्वतः अशी ट्यूब हातात घेतलेली आहे, सहा महिने पिशवीत होती, एकदाही चाकात गेली नव्हती, आणि तिला तीन भोके होती. ट्यूबला पावडर लावून, घडी करून, वेगळ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी.

औजारांसाठी अर्धा मीटर खाकी ड्रिल किंवा जाड जीन घ्यावे. खालून एक तृतीयांश भाग वर दुमडून उभ्या शिलाया माराव्यात, म्हणजे खिसे होतात. खिसा औजाराच्या मापाचा ठेवावा, पान्याचा रुंद, लिव्हरचा अरुंद. वरची बाजू झाकणासारखी खाली पाडावी आणि गुंडाळी करून नाडीने बांधावी. शिंपी हे काम अर्ध्या तासात करतो. फायदा असा की रस्त्यावर काम झाल्यावर गुंडाळी करताना रिकामा खिसा लगेच दिसतो. आमच्या फेरीच्या दिवसांत निम्मी औजारे बिघाडाने नाही, तर गवतात विसरल्याने गेली. काळ्या किंवा हिरव्या कापडाऐवजी फिकट रंग घ्यावा, बारीक नट त्याच्यावर दिसतो. तीच गुंडाळी रस्त्याच्या कडेला अंथरली की मांडायलाही उपयोगी पडते.

भाच्याच्या चौघांचे सगळे सामान आम्ही दुकानाच्या काट्यावर ठेवले. प्रत्येकाच्या वाट्याला किलोच्या आत आले. दोन सायकली ७०० सी, दोन २६ इंची, म्हणून ट्यूब प्रत्येकाची स्वतःची. पंप दोन, कारण चौघे कायम एकत्र राहतील याची खात्री नाही. चेनचे औजार एकच. घडीचे औजारही आम्ही परत करायला लावले नाही, त्यातल्या ॲलन की कामाच्याच होत्या. फक्त त्याच्या जोडीला आमच्या फेरीच्या दिवसांतला १५ चा पाना दिला.

लाखनीच्या अलीकडे भाच्याच्या मागच्या चाकात ट्रकची तार गेली. चिंधी फिरवून ती सापडली, असे त्याने रात्री नागपूरहून फोनवर सांगितले. वीस मिनिटे लागली. दुसऱ्या मित्राला ट्यूब बदलावी लागली तेव्हा कळले की त्याने ती ॲलन कीच्या शेजारीच ठेवली होती. पॅच लावून भागले. चौघे अंधार पडण्यापूर्वी नागपूरला पोहोचले. पाना मात्र अजून आमच्याकडे परत आलेला नाही.